ताप आला तर डॉक्टरला पाण्याचं आधी सांगा



मागच्या बाजाराच्या दिवशी शनवाऱ्यात आपल्या एका सभासदाच्या टोपलीपुढे एक ताई थांबल्या. रोहू ताजा होता, सकाळचाच. भाव ठरला, साफ करायला घेणार तेवढ्यात सोबतच्या पोराने मोबाइल पुढे केला. "मम्मी, नदीचा मासा नको घेऊ. त्याच्यातून मेंदू खाणारा किडा येतो." ताईंनी पिशवी गुंडाळली आणि चालू पडल्या. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी तेच विचारलं. सभासद तणतणत समितीच्या कार्यालयात आला. "सचिव भाऊ, हे काय नवीन काढलं लोकांनी? आधीच उन्हाळ्यात मासा टिकत नाही, त्यात हे!"

आम्ही त्याला सांगितलं, खोटं आहे, घाबरू नको. तो गेला. पण आमच्याच मनात राहिलं, की खोटं किती आणि खरं किती? म्हणून वाचलं, ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलं, केरळच्या बातम्या काढून पाहिल्या. जे कळलं ते इथे लिहितो आहोत. लांब झालंय, पण वाचा. मासा विकणाऱ्यांनी वाचा, आणि ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचं पोर आहे त्यांनी दोनदा वाचा.

आधी माशाचं सांगून टाकू, म्हणजे धंद्याची काळजी मिटेल. हा रोग मासा खाऊन होत नाही. नदीचा खा, तळ्याचा खा, धरणाचा खा. मासा कापून, धुऊन, शिजवूनही होत नाही. एवढंच काय, ते पाणी पोटात गेलं तरी या रोगाचा जीव पोटातून मेंदूत जात नाही. एका माणसापासून दुसऱ्याला लागतही नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर हे ठामपणे सांगा. समितीच्या नावाने सांगा.

आता खरं काय ते.

जीव खरोखर आहे. त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. हा एक अमिबा आहे, म्हणजे एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा. किडा नाही, अळी नाही. गोड्या पाण्यात आणि मातीत राहतो, पाण्यातले बारीक जंतू खाऊन जगतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहत नाही, त्यामुळे कोकणातल्या आपल्या दर्यावर्दी भावांना याची चिंता नाही, ती आपल्यालाच आहे. त्याला कोमट पाणी आवडतं. पाणी ४६ अंशांपर्यंत तापलं तरी तो मजेत वाढतो. थंडी पडली की अंगाभोवती कवच करून तळाच्या गाळात पडून राहतो, पुन्हा पाणी तापलं की बाहेर.

माणसाच्या मेंदूशी त्याला खरं तर काही घेणं नाही. तो तिकडे चुकून पोचतो. वाट एकच, नाक. पोरगं डोकं खाली करून सूर मारतं, पाणी जोरात नाकात घुसतं आणि थेट वरच्या टोकाला जातं. तिथे वास ओळखणाऱ्या नसा मेंदूत शिरतात, आणि त्या जिथून शिरतात ते हाड चाळणीसारखं असतं, बारीक भोकांचं. आपल्या बारीक आसाच्या जाळ्यासारखंच समजा. अमिबा त्या नसांना धरून भोकांतून आत जातो. आत त्याला त्याचं नेहमीचं खाणं मिळत नाही, मग तो मेंदूवरच सुरू होतो. मेंदू सुजतो, आणि त्या सुजेनेच माणूस जातो.

हे किती जणांना होतं? फार थोड्यांना. अमेरिकेत १९६२ पासून २०२३ पर्यंत, म्हणजे साठ वर्षांवर, १६४ लोकांना झालं. तिकडे दर उन्हाळ्यात लाखो लोक तळ्यात पोहतात, त्यातले एवढेच. पण त्या १६४ मधले वाचले फक्त ४. होणं दुर्मिळ, झालं तर सुटणं त्याहून दुर्मिळ. आपल्या देशात दरवर्षी हजारो माणसं नुसती बुडून जातात, तो धोका याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही इथेच लिहून ठेवतो. तरी हा लेख लिहितो आहोत, कारण यात वाचवणारी गोष्ट घरच्या माणसाच्या हातात आहे आणि ती फुकट आहे. ती पुढे येईल.

रोग पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो ऑस्ट्रेलियात, १९६५ मध्ये. ॲडलेडचे फाउलर नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी कार्टर यांनी तो लिहून काढला, म्हणून जीवाच्या नावात फाउलेरी आहे. ती गोष्ट आपल्याला ऐकण्यासारखी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा तो भाग रखरखीत. मरे नदीचं पाणी लांबलांबून मोठ्या नळांनी आणलेलं, आणि ते नळ जमिनीवरून उघडे टाकलेले. दिवसभर उन्हात नळ तापायचा, आतलं पाणी तापायचं, क्लोरीन टोकापर्यंत टिकायचं नाही. पोर्ट ऑगस्टाकडची मुलं एकामागून एक अशा तापाने गेली. पुढे त्या सरकारने नळाच्या वाटेवर जागोजागी क्लोरीन द्यायची सोय केली.

हे वाचलं आणि आम्हाला आपल्या बुरहानपूरचा कुंडी भंडारा आठवला. १६१५ च्या सुमाराला, खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीच्या पोटातून गावात आणलं, कुंड्या खोदून. चारशे वर्षं झाली, त्या पाण्याला ऊन लागत नाही. आणि आपण? गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी, बोअरवेलपासून घरापर्यंत काळा पाइप उन्हात पसरलेला. मे महिन्यात दुपारी नळ उघडा, हात भाजतो. असो, टाकीकडे नंतर येतो.

तापीचं नावच तापावरून आहे, सूर्याची लेक ती. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा ४५ च्या आसपास जातो. नदीची धार बारीक होते, डोह उरतात, कडेचं उथळ पाणी संध्याकाळपर्यंत कोमट राहतं. राजघाट, सतियारा घाट, नागझिरी, कुठेही जा, शाळेला सुट्टी लागली की पोरं दिवसभर पाण्यात. आपली पोरं तर नावेवरूनच सूर मारतात. शनवाऱ्यात किंवा आपल्या घाटांवर कुणाला हा रोग झालाय म्हणून आम्ही लिहीत नाही आहोत, कृपा करून तसा मेसेज पुढे पाठवू नका. पण असं तापलेलं, थांबलेलं, गाळ ढवळलेलं गोडं पाणी हेच या जीवाचं घर, आणि आपलं घर चालतं तेही याच पाण्यावर.

आता केरळ. आपल्या देशात या रोगाची सगळ्यात मोठी लढाई तिथे चालली आहे. तिथे घराघरात विहीर, गावागावात तळी, नद्या. पहिला रुग्ण २०१६ मध्ये आलप्पुळात सापडला. पुढची काही वर्षं एखाद-दुसराच. जुलै २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात पंधरा वर्षांचा मुलगा गेला. मग मे ते जुलै २०२४ या तीन महिन्यांत तीन मुलं पाठोपाठ गेली, सगळ्यात लहान पाच वर्षांची. तिकडे अक्षरशः हाहाकार झाला.

आणि त्याच जुलैमध्ये कोझिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा एक मुलगा वाचला.

कसा वाचला ते नीट वाचा. त्याचे वडील डॉक्टर नाहीत, मास्तर नाहीत. गुरं पाळून दुधाचा धंदा करणारा माणूस. त्या भागात निपाह रोग येऊन गेलेला, त्यामुळे मोबाइलवर जनजागृतीची माहिती फिरायची. ती वाचता वाचता त्यांच्या नजरेला या अमिबाची माहिती पडली होती. काही दिवसांनी पोराचं डोकं दुखू लागलं, ताप आला, झटके आले. दवाखान्यात नेल्यावर वडिलांनी स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं, की पोरगं तळ्यात पोहलं होतं, मी असं असं वाचलंय, तुम्ही तेही बघा. डॉक्टरांनी बघितलं. कोझिकोडच्या बेबी मेमोरियल रुग्णालयात पाठीतलं पाणी तपासलं, अमिबा निघाला, औषधं लगेच सुरू झाली. त्यातलं मिल्टेफोसिन नावाचं औषध केरळ सरकारने जर्मनीहून मिळवलं. गंमत अशी, की हे औषध मुळात बिहारकडच्या काळ्या आजारावरचं, २००२ पासून आपल्या देशात मंजूर असलेलं. तीन आठवड्यांवर दवाखान्यात राहून पोरगं चालत घरी गेलं. जगात या रोगातून उठलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यात तो एक.

औषध होतं, डॉक्टर हुशार होते, सगळं खरं. पण सुरुवात त्या बापाच्या एका वाक्याने झाली.

कारण काय, तर हा रोग वरून दिसायला साध्या मेंदूज्वरासारखा, आपण ज्याला दिमागी बुखार म्हणतो तसाच दिसतो. पाण्यात उतरल्यापासून एक ते बारा दिवसांत सुरू होतो, बहुतेक वेळा पाचव्या दिवसाच्या आसपास. सुरुवातीला डोकं फुटल्यासारखं दुखतं, खास करून कपाळाकडे. ताप, मळमळ, उलट्या. कधी वास आणि चव बदलल्यासारखी वाटते. मग मान आखडते, उजेड सहन होत नाही, पोरगं काहीतरीच बडबडतं, ओळखत नाही, झटके येतात. पहिल्या लक्षणापासून शेवटापर्यंत बहुतेकांना पाचच दिवस मिळतात. डॉक्टर आधी नेहमीच्या मेंदूज्वराची औषधं देतात, त्यांचं चूक नाही, तोच जास्त आढळतो. पण त्या औषधांनी अमिबा मरत नाही. त्याची औषधं वेगळी. दोन दिवस वाट पाहिली आणि मग दुसरा विचार केला, तर तोपर्यंत वेळ संपलेला असतो. पाण्याचा विषय आधी निघाला तर विचारही आधी होतो.

केरळने पुढे हेच सरकारी कामात आणलं. जुलै २०२४ मध्ये त्यांनी या रोगाची कार्यपद्धती लिहून काढली आणि मेंदूज्वराच्या रुग्णात अमिबाचीही तपासणी करायला लावली. शोधायला लागले तसे रुग्ण जास्त सापडले. २०२४ मध्ये ३६ रुग्ण आणि ९ मृत्यू. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच ६९ रुग्ण आणि १९ मृत्यू. आकडा मोठा दिसतो म्हणून लोक घाबरले, पण दुसऱ्या बाजूने बघा. जगभरात या अमिबाच्या १०० रुग्णांतले ९७ जातात, तिथे चारातले तीन वाचले. पूर्ण खरं सांगायचं तर केरळच्या आकड्यात याच्या भाऊबंदांचे, म्हणजे दुसऱ्या जातीच्या अमिबांचे रुग्णही आहेत, आणि त्यातले काही सावकाश वाढणारे. तरी लवकर ओळखल्याचा फायदा आहेच. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०२४ मध्ये एकाच तळ्याशी संबंध असलेले अनेक तरुण आजारी पडले. पहिला गेला. त्याच्यामुळे तळ्याचं कळलं, बाकीचे वेळेत दाखल झाले आणि वाचले.

आता एक गोष्ट लिहायची की नाही, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. लिहितोच.

काही वर्षांपूर्वी आपल्याच लोकांतल्या एका घरात अकरा वर्षांचं पोरगं तापाने फणफणलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, दिवसभर नावेवर बापासोबत असायचं. पहिला दिवस घरच्या गोळीवर गेला. दुसऱ्या दिवशी नजर लागली म्हणून उतारा झाला. तिसऱ्या दिवशी झटके आले तेव्हा दवाखान्यात नेलं. आम्ही सोबत होतो, गाडी आमचीच होती. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं चावलं का, मार लागला का, घरात कुणाला ताप आहे का. सगळ्याला नाही म्हटलं. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. भोयाचं पोर पाण्यात असतं, यात काय सांगायचं? मग ते म्हणाले, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. आजोबा आडवे पडले. "पाठीचं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, मी हात लावू देणार नाही." बापाने आमच्याकडे बघितलं. आम्ही समितीचे सचिव, चार बुकं शिकलेले, आमच्या शब्दाला मान. आम्ही खाली मान घालून गप्प बसलो.

पोरगं दुसऱ्या दिवशी गेलं. त्याला काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही आणि आता कळणारही नाही. हाच रोग होता असं आम्ही म्हणत नाही, साधा मेंदूज्वरही असेल, त्यात तर औषधाने पोर वाचतं. पण पाणी तपासलं असतं तर कळलं असतं. आजोबांना बोल लावत नाही, त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. समजावायचं काम आमचं होतं.

म्हणून ते आज करतो. पाठीतलं पाणी काढतात म्हणजे काय? मेंदू आणि मणक्यातली दोरी या दोन्हीभोवती एक स्वच्छ पाणी फिरत असतं. ते अंगात रोज नव्याने तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास. तपासायला काढतात ते चमचाभर. काही तासांत भरून निघतं. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात, जिथे मणक्यातली मुख्य दोरी आधीच संपलेली असते. त्यामुळे दोरीला सुई लागून लुळं पडण्याची जी भीती आहे ती त्या जागी नसते. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. कधी कधी मेंदूला फार सूज असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात, आधी स्कॅन करतात. तो निर्णय त्यांचा. आपण मात्र अडवायचं नाही. उलट विचारायचं, की साहेब, त्यात अमिबा पण बघाल का? ताजं पाणी, फ्रिजमध्ये न ठेवता, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्यात अमिबा हलताना दिसू शकतो. पुढची पक्की तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते.

लुळं पडायचं म्हणाल, तर मेंदूज्वर अंगावर काढला म्हणून लुळी, बहिरी झालेली पोरं आपण पाहिली आहेत. पाण्याच्या तपासणीने झालेलं एकही आम्ही पाहिलेलं नाही.

आता कामाचं. नदी सोडा असं आम्ही सांगणार नाही, सांगून कुणी ऐकणारही नाही. पण काही सवयी बदलता येतात.

जाळं खुंटाला किंवा दगडाला अडकलं की आपला माणूस डोकं खाली घालून बुडी मारतो. उथळ पाण्यात आधी बांबूने किंवा पायाने सोडवून बघा. बुडीच मारायची असेल तर नाक चिमटीत धरून, पाय खाली ठेवून उतरा. पोहणाऱ्यांची नाकाची क्लिप मिळते, छोटीशी असते. समितीने थोड्या मागवल्या आहेत. नाव चालवणाऱ्याने एक खिशात ठेवावी. पहिल्या दिवशी पोरं हसतील, हसू द्या. आमच्या कार्यालयात सगळ्यात जास्त हसला तो खजिनदार, आणि पहिली क्लिप त्यानेच उचलली.

पोरांना नावेवरून सूर मारू देऊ नका, निदान एप्रिल-मेच्या तापलेल्या डोहात तरी. मान वर ठेवून पोहलं तर धोका फार कमी. उथळ पाण्यात चिखल ढवळत खेळणं वाईट, जीव गाळातच बसलेला असतो. एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवणं, नाक दाबून धरणं, हे खेळ बंद करा. पोरांना जास्त होतं याचं एक कारण हेच, की मोठा माणूस पाण्यात कामाला उतरतो आणि पोर धिंगाणा घालायला. पुढे १६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद असते, नावा काठाला, घरात हातही रिकामे. त्याच दिवसांत तापी जयंतीला घाटावर डुबकी मारायची गर्दी असते. डुबकी जरूर घ्या, नाक धरून घ्या. देवाला दोन्ही चालतं.

घरच्या पाण्याबद्दल. २०२५ मध्ये कोझिकोड जिल्ह्यात तीन महिन्यांचं बाळ या रोगाने गेलं. ते काही नदीत गेलं नव्हतं. संशय घरच्या विहिरीच्या पाण्यावर गेला, अंघोळीत नाकात गेलं असावं. त्याच सुमाराला केरळ सरकारने ऑगस्टच्या शेवटी मोहीम काढून राज्यभर विहिरी आणि टाक्या साफ करून क्लोरीन टाकायला लावलं. पाकिस्तानात कराचीला तर २००८ पासून दरवर्षी रुग्ण निघतात, आणि त्यातले बरेच जण कधी पोहायला गेलेलेच नव्हते. वजू करताना नळाचं पाणी नाकात ओढलं जातं, त्यातून गेलं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन जण गेले ते नेती करून. नळाचं साधं पाणी टोटीच्या भांड्यात भरून नाक धुतलं होतं. म्हणजे रोगाला धर्म नाही, नाक तेवढं आहे.

शनवाऱ्यात वजू करणारे भाऊ आहेत आणि सकाळी नेती करणारे काकाही आहेत. दोघांनाही तेच सांगणं: नाकात ओढायचं पाणी उकळून गार केलेलं घ्या. उकळलं की हा जीव मरतो. रोजच्या वजूला एवढं जमत नसेल तर पाणी नाकात वरपर्यंत ओढू नका, नाकाच्या तोंडाशी घेऊन सोडा, आणि मशिदीच्या टाकीत क्लोरीन नियमाने पडतं का ते बघा. लहान बाळाच्या डोक्यावरून पाणी ओतताना नाकाला हाताचा आडोसा धरा, आपल्या आज्या धरायच्या तसा.

गच्चीवरची टाकी उन्हाळ्याआधी रिकामी करून घासा, तळाचा गाळ काढा, झाकण घट्ट ठेवा. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम पुरते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबून वापरा. मोजमाप कळत नसेल तर आशाताईंना विचारा.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा: नदीत, तळ्यात, मत्स्यबीज सोडलेल्या पाण्यात ब्लीचिंग टाकायचं नाही. केरळची बातमी बघून कुणीतरी उत्साही माणूस हे करेल अशी आम्हाला खरी भीती आहे. क्लोरीनने मासा मरतो, बारीक बीज तर आधी मरतं. वाहत्या नदीतला अमिबा त्याने संपणार नाही, आपला हंगाम मात्र संपेल. पट्ट्याच्या तलावाजवळ कुणी पावडरची गोणी घेऊन दिसलं तर आधी समितीला फोन करा.

आजारी पोराला घेऊन कुठे जायचं, हेही ठरवून ठेवा. जोराचं डोकं दुखणं, ताप आणि उलटी एकत्र आलं, आणि मागच्या बारा-चौदा दिवसांत पोर पाण्यात होतं, तर घरी गोळी देऊन रात्र काढू नका. सरळ जिल्हा रुग्णालय, गाडी नसेल तर १०८. तिथून पुढे खंडवा किंवा इंदूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं तर वाद न घालता निघा. रावेर-भुसावळकडच्या सभासदांना जळगाव जवळ पडतं. उतारा करायचा असेल तर घरची एखादी बाई मागे थांबून करेल, पोरगं गाडीत बसलेलं पाहिजे.

दवाखान्यात गेल्यावर गोंधळात काही सुचत नाही, हे आम्ही अनुभवलंय. आणि इकडचे डॉक्टर बहुतेक हिंदीत बोलतात, आपल्या बायाबापड्या अडखळतात. म्हणून एका कागदावर चार ओळी छापून घेतल्या आहेत. समितीच्या कार्यालयात ठेवल्या आहेत, फुकट आहेत. एक घरात देवाच्या फोटोमागे ठेवा, एक नावेच्या डब्यात. काही बोलायचं सुचलं नाही तर नुसता कागद पुढे करा. त्यावर असं आहे:

"साहब, हम मछुआरे हैं। बच्चा रोज़ नदी में नहाता है। इतने दिन पहले नाक में पानी गया था। पीठ का पानी जाँचना हो तो जाँच लीजिए, हम मना नहीं करेंगे। उसमें अमीबा भी देख लीजिए।"

दिवसांची जागा मोकळी सोडली आहे, आकडा पेनाने भरायचा. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी या पानावर नाव आणि घाट लिहा, मंगळवारी वसुलीला येणाऱ्या पोरासोबत कागद पाठवतो.